हिरोशिमाची हट्टी गाडी

३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमात तोयो कॉर्क कोग्यो नावाची एक कंपनी स्थापन झाली. तिचा माल होता बूच. पहिल्या महायुद्धाने युरोपातून येणारं कॉर्क बंद पाडलं होतं आणि बाटल्यांच्या बुचांपासून यंत्रांच्या गॅस्केटपर्यंत सगळीकडे त्याची टंचाई होती. जपानच्या डोंगरांत आबेमाकी नावाचा ओक जातीचा एक वृक्ष होतो. त्याची जाड साल कॉर्कच्या जागी चालते, हे हिरोशिमाच्या व्यापाऱ्यांनी हेरलं होतं. पण युद्ध संपलं, युरोपचं अस्सल कॉर्क पुन्हा बोटीने यायला लागलं आणि नव्या कंपनीचे पाय लटपटायला लागले. १९२१ मध्ये तिची सूत्रं जुजिरो मात्सुदा यांच्या हाती आली. आज आपण जिला माझदा म्हणतो, तिची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

जुजिरो हिरोशिमालगतच्या मुकाइनादा या किनाऱ्यावरच्या गावातले, कोळ्याच्या घरात १८७५ मध्ये जन्मलेले, बारा भावंडांतलं शेंडेफळ. वडील लवकर गेले. शिक्षण बेताचंच झालं आणि मिसरूड फुटायच्या आत ते ओसाकाला जाऊन लोहारकाम शिकायला लागले. पुढे त्यांनी स्वतःच्या कल्पनेने एक पंप तयार केला, त्यावर कारखाना उभा केला आणि भांडवलदारांशी बिनसल्यावर त्याच कारखान्यातून त्यांना बाहेर पडावं लागलं. महायुद्धात रशियाच्या झारकडून तोफगोळ्यांच्या फ्यूजची मोठी ऑर्डर मिळवून त्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. पुन्हा भागीदारांशी मतभेद झाले आणि ते गावी परतले. दोनदा पडून उठलेल्या या लोहाराने बुचांच्या कंपनीत पाऊल टाकलं तेव्हा त्यांचं वय पंचेचाळिशी ओलांडून गेलं होतं.

हे सगळं तपशिलाने सांगायचं कारण असं, की माझदाचा पुढचा शंभर वर्षांचा स्वभाव याच माणसात दिसतो. ही कंपनी कधीच मोठी नव्हती. टोयोटा, निस्सान, होंडा यांच्या सावलीतच तिला जगावं लागलं. आजही जगातल्या दर शंभर नव्या गाड्यांत तिच्या जेमतेम एक-दीड असतात. पैसा कमी, कारखाने कमी, राजधानीपासून लांब असलेलं शहर. अशा कंपनीने मोठ्यांची नक्कल करायची असते, असा सर्वसाधारण समज आहे. माझदाने ते केलं तेव्हा ती बुडायला आली. आणि मोठ्यांनी सोडून दिलेल्या गोष्टीला ती चिकटून बसली तेव्हा तरली. साध्या माणसाला परवडेल अशा गाडीतही चालवण्याचा आनंद असला पाहिजे, ही त्या गोष्टींतली सगळ्यात मोठी.

१९२७ मध्ये कंपनीच्या नावातलं कॉर्क गळालं आणि उरलं तोयो कोग्यो. जवळच कुरे इथे नौदलाचा मोठा कारखाना होता, त्याच्यासाठी सुटे भाग करता करता कामगारांचा हात धातूवर बसला. मशिन टूल्स आली. आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये हिरोशिमाबाहेरच्या फुचू इथल्या नव्या कारखान्यातून पहिलं वाहन बाहेर पडलं, ते होतं तीनचाकी. पुढे मोटरसायकलचं हँडल, मागे मालाचा हौदा. पुण्या-मुंबईत एकेकाळी ज्या तीनचाकी टेम्पोंनी मंडईतला भाजीपाला आणि घरांचं सामान वाहिलं, त्याच कुळातलं हे वाहन. इंजिन ४८२ सीसीचं, एका सिलिंडरचं. मात्र त्याला रिव्हर्स गियर होता आणि मागच्या दोन चाकांना डिफरन्शियल. त्या काळातल्या स्वस्त तीनचाकींत या सोयी सहसा नसत. गरिबाच्या गाडीलाही नीट अभियांत्रिकी द्यायची, ही सवय पहिल्याच वाहनात दिसते. गाडीला नाव दिलं माझदा-गो. मुंबईकरांना अहुर मझ्द हे नाव पारशी शेजाऱ्यांमुळे ठाऊक असतं. त्याच ज्ञानदेवतेच्या नावावरून हे नाव घेतलं आणि ते मात्सुदा या आडनावाशीही जुळलं. १९३६ मध्ये या तीनचाकींचा एक काफिला जपानच्या दक्षिण टोकाजवळच्या कागोशिमापासून टोकियोपर्यंत, सुमारे २,७०० किलोमीटर, कच्च्या रस्त्यांनी गेला. जाहिरातही झाली आणि गाडीची परीक्षाही.

छोटी मोटार करायचं मनात होतं, नमुनाही तयार झाला होता. पण युद्ध आलं आणि कारखान्यात लष्करासाठी रायफली बनू लागल्या. हा भाग टाळून माझदाचा इतिहास लिहिणं प्रामाणिक होणार नाही. हिरोशिमा लष्करी शहर होतं आणि तोयो कोग्यो त्या यंत्रणेचा भाग होती.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस. त्या सकाळी ते शहरात न्हाव्याकडे गेले होते. लवकर आटोपून निघाले म्हणून वाचले. सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला. त्यांचा एक मुलगा त्यात गेला. फुचूचा कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर होता आणि मधे हिजियामा नावाची बुटकी टेकडी होती. त्या टेकडीने लाटेचा मोठा भाग अंगावर घेतला. छपरं उडाली, काचा फुटल्या, पण इमारती उभ्या राहिल्या. शहरात मात्र काही उरलं नव्हतं. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. जे जगले ते भाजलेल्या अंगांनी चालत कारखान्यात आले आणि त्याचा दवाखाना झाला. हिरोशिमा प्रांताचं सरकारी कार्यालयच नष्ट झालं होतं, तेही या कारखान्यात येऊन बसलं. एका खाजगी कंपनीच्या आवारातून जवळजवळ वर्षभर एका प्रांताचा कारभार चालला.

डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, तीनचाकींचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. ही घटना मला माझदाच्या कोणत्याही शर्यतीपेक्षा मोठी वाटते. उद्ध्वस्त शहर पुन्हा बांधायचं तर लाकूड, विटा, तांदूळ वाहायला काहीतरी हवं आणि ते त्याच शहरात बनू लागलं होतं. पुढची पंधरा वर्षं जपानच्या छोट्या व्यापाराचं ओझं या तीनचाकींनी उचललं. त्या मोठ्या होत होत दोन टनांपर्यंत गेल्या आणि १९७४ पर्यंत बनत राहिल्या.

या तीनचाकींच्या जुळणीवर कामाला लागलेला एक तरुण होता केनिची यामामोतो. टोकियोच्या विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकी शिकलेला, युद्धात विमानांच्या कामावर असलेला. युद्ध संपल्यावर तो हिरोशिमाला परतला तेव्हा कळलं, की बहीण बॉम्बमध्ये गेली आहे. पोट भरायला त्याने कारखान्यात साध्या कामगाराची नोकरी धरली आणि तीनचाकींचे गियरबॉक्स जुळवू लागला. पुढे तो इंजिनं आखायला लागला. या माणसाला लक्षात ठेवावं, कारण माझदाच्या इतिहासातल्या दोन मोठ्या गोष्टी त्याच्याभोवती फिरतात.

१९६० मध्ये कंपनीची पहिली मोटारगाडी आली, आर-३६० कूपे. वजन ३८० किलो, मागे बसवलेलं ३५६ सीसीचं इंजिन, किंमत ३ लाख येन. बाजारातल्या छोट्या गाड्यांत ती सगळ्यात स्वस्तांपैकी एक होती. स्वस्त गाड्यांना तेव्हा टू-स्ट्रोक इंजिन असायचं, हिला फोर-स्ट्रोक दिलं. वजन कमी करायला हलके मिश्रधातू वापरले. ऑटोमॅटिक गियरचाही पर्याय होता. दिसायला गोंडस. जपानी मध्यमवर्ग नुकताच सायकलवरून उतरत होता आणि ही गाडी त्याच्या आवाक्यात आली.

* * *

याच सुमारास जपान सरकारच्या व्यापार खात्यात वेगळे वारे वाहत होते. परदेशी गाड्यांना बाजार खुला करावा लागणार, तेव्हा देशातल्या अनेक छोट्या मोटार कंपन्या दोन-तीन मोठ्या गटांत विलीन कराव्यात असा विचार चालू होता. हिरोशिमाच्या तीनचाकीवाल्यांचं त्यात काय झालं असतं, हे सांगायला नको. जुजिरोंनंतर अध्यक्ष झालेले त्सुनेजी मात्सुदा यांनी ठरवलं, की दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे पाहिजे. ते जर्मनीला गेले आणि १९६१ मध्ये एनएसयू या कंपनीकडून फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेऊन आले.

रोटरी इंजिन समजून घेतल्याशिवाय माझदा समजत नाही. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. या धडपडीत थरथर होते आणि झडपा, दट्टे, साखळ्या यांचा पसारा लागतो. वांकेल यांच्या इंजिनात पिस्टनच नाही. मधे किंचित आवळलेल्या भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचं एक पोकळ घर असतं आणि त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तीन टोकं घराच्या भिंतीला सतत टेकलेली राहतात, त्यामुळे तीन कप्पे तयार होतात. इंधन-हवेचं मिश्रण आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं, सगळं या कप्प्यांत फिरता फिरता होतं. झडपा नाहीत, वरखाली धावणारं काही नाही. इंजिन हलकं, आकाराने लहान आणि वेगात विलक्षण मुलायम.

कागदावर हे सुंदर होतं. जर्मनीहून आलेलं नमुन्याचं इंजिन हिरोशिमात चालवलं तेव्हा खरं काय ते कळलं. धूर पांढरा येत होता, कारण तेल कप्प्यांत झिरपत होतं. आणि थोडे तास चालवल्यावर घराच्या आतल्या भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे उठत होते. त्रिकोणाच्या टोकांवर बसवलेल्या पट्ट्या, म्हणजे सील, फिरताना थरथरायच्या आणि भिंत खरवडायच्या. अभियंते त्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणू लागले.

१९६३ मध्ये रोटरीसाठी स्वतंत्र विभाग झाला आणि त्याची जबाबदारी यामामोतोंवर आली. त्यांच्याकडे तरुण अभियंत्यांची तुकडी होती. स्वामींसाठी प्राण पणाला लावणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा जपानात प्रसिद्ध आहे, म्हणून या तुकडीलाही सत्तेचाळीस रोनिन म्हणतात. पुढची काही वर्षं त्यांनी सीलवर घालवली. वेगवेगळे धातू, वेगवेगळे कार्बन, थेट जनावरांच्या हाडांपर्यंत सगळं लावून पाहिलं. कंपनीतच कुरबुर होती, की पैसा पाण्यात चालला आहे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्रश्न झिजण्याचा कमी आणि कंपनाचा जास्त आहे. सीलला आडवी-उभी पोकळ भोकं पाडली, तिची कंपनसंख्या बदलली आणि ओरखडे थांबले. विक्रीच्या गाडीसाठी त्यांनी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली सील केली. तिने प्रयोगशाळेत हजार तासांची परीक्षा पार केली.

मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. दोन रोटर, ९८२ सीसी, जमिनीलगत बसलेली, पांढरी, अवकाशयानासारखी रेष. एकूण १,१७६ गाड्याच बनल्या. पण ती विकायची गाडी कमी आणि पुरावा जास्त होती. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या सहनशक्ती शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक शेवटच्या काही तासांत बंद पडली, दुसरी चौथी आली. ज्या एनएसयूने परवाना दिला, तिने १९६७ मध्येच रोटरीची आरओ-८० बाजारात आणली. तिची इंजिनं इतक्या संख्येने परत यायला लागली, की कंपनी १९६९ मध्ये फोक्सवागनच्या छत्राखाली गेली. मर्सिडीज, जनरल मोटर्स, सिट्रोएन यांनी रोटरीवर अफाट पैसा घातला आणि सोडून दिलं. हिरोशिमाचे लोक राहिले.

त्यांनी मग जवळजवळ प्रत्येक मॉडेलला रोटरी देण्याचा सपाटा लावला. तिथे चुकलं. रोटरीला इंधन फार लागतं, कारण तिचा ज्वलनकक्ष लांबट आणि सरकता असतो, उष्णता भिंतींत जाते आणि सगळं मिश्रण नीट जळत नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकन सरकारच्या चाचणीत माझदाच्या रोटरी गाड्या शहरात गॅलनला दहा-अकरा मैल देतात असं जाहीर झालं. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच असतो. अमेरिकनांनीही तो तेव्हा पहिल्यांदा गांभीर्याने विचारला. विक्री कोसळली, न विकलेल्या गाड्यांची रांग लागली. सुमितोमो बँकेने कंपनी ताब्यात घेतल्यासारखीच केली. १९७७ मध्ये मात्सुदा घराण्याची अध्यक्षपदाची परंपरा संपली. कामगारांना काढून टाकण्याऐवजी कारखान्यातल्या हजारो माणसांना गाड्या विकायला देशभरच्या विक्रेत्यांकडे पाठवलं. ज्यांनी उभ्या आयुष्यात फक्त बोल्ट आवळले, ते दारोदार फिरून गाड्या विकत होते. त्याच काळात, १९७५ मध्ये, हिरोशिमाच्या लोकांनी युद्धानंतर वर्गणी काढून जगवलेला आणि आता तोयोचं नाव लावणारा कार्प हा बेसबॉल संघ पहिल्यांदा आपल्या लीगचा विजेता झाला. कंपनी आणि शहर यांची नाळ अशी आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने कंपनीचा जवळपास चतुर्थांश हिस्सा घेतला. त्याआधीच बँकेला वाटू लागलं होतं, की रोटरी आता पुरावी. यामामोतोंच्या गटाने इंधनाचा खप सुमारे ४० टक्क्यांनी कमी करून दाखवला आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ आणली. छोटी, टनभर वजनाची, मिटणाऱ्या दिव्यांची स्पोर्ट्‌स गाडी. युरोपातल्या तशाच गाडीच्या मानाने किंमत खूपच कमी. तीन पिढ्यांत ती आठ लाखांहून अधिक विकली गेली. रोटरीची योग्य जागा कुठे आहे, हे तेव्हा कंपनीला उमगलं. तिने रोटरी स्पोर्ट्‌स गाडीसाठी ठेवली. रोजच्या वापरासाठी फमिलिया होती. साधं पिस्टन इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, ऐसपैस आतली जागा. जपानच्या ‘कार ऑफ द इयर’ पुरस्काराची पहिली मानकरी, १९८० ची, तीच.

* * *

आता दुसरी गोष्ट. ती पहिलीपेक्षा साधी आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची.

बॉब हॉल हा अमेरिकन मोटार पत्रकार, जपानी उत्तम बोलणारा. १९७९ मध्ये तो हिरोशिमाला यामामोतोंना भेटायला गेला. यामामोतोंनी त्याला विचारलं, आम्ही पुढे कोणती गाडी करावी? हॉलने खडू घेतला आणि फळ्यावर एक छोटी, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी काढली. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, जुन्या इंग्रजी एमजी, ट्रायम्फ आणि लोटस एलानसारखी. त्या गाड्या तेल गळणाऱ्या, बिघडणाऱ्या, पण चालवताना जीव खुलवणाऱ्या होत्या. आणि त्या मरत होत्या. एमजीचा कारखाना १९८० मध्ये बंदच झाला. अशी गाडी विश्वासाने चालणारी असेल तर? हॉल पुढे माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या शाखेत नोकरीला लागला. यामामोतोंनी एकदा टोकियोकडे जाताना हाकोनेच्या घाटातून उघड्या टपाची ट्रायम्फ स्पिटफायर चालवली, आणि हॉलच्या मनात काय होतं ते त्यांना हातापायांतून कळलं. १९८४ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी तोयो कोग्योचं अधिकृत नावही माझदा झालं.

टोकियो आणि कॅलिफोर्निया अशा दोन ठिकाणच्या आराखड्यांची स्पर्धा लावली गेली. टोकियोने आधुनिक आखणी सुचवली, इंजिन मधे किंवा पुढची चाकं ओढणारी. टॉम मातानो, मार्क जॉर्डन यांच्या कॅलिफोर्नियाच्या गटाने जुनी इंग्रजी मांडणीच धरून ठेवली आणि तीच जिंकली. प्रकल्पाचे प्रमुख झाले तोशिहिको हिराई. कंपनीत या गाडीला फार माणसं आणि पैसा मिळाला नाही. हिराईंचा गट एका गॅरेजच्या जागेत बसून काम करत असे.

हिराईंनी ठरवलं, की घोडा आणि स्वार एक व्हावेत तशी गाडी आणि चालक एक व्हावेत. घोड्यावरून बाण मारणाऱ्या जपानी धनुर्धारींची ही कल्पना, जपानीत जिन्बा इत्ताई. घोषणा म्हणून असं काहीही म्हणता येतं. या लोकांनी त्याचे मोजता येतील असे तुकडे पाडले. दोन माणसं बसल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन सारखं असलं पाहिजे. गियर टाकताना दांडा फक्त ५० मिलिमीटर सरकला पाहिजे आणि जाग्यावर बसल्याचं तळहाताला कळलं पाहिजे. गियरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना ॲल्युमिनियमच्या एका जाळीदार तुळईने जोडलं, म्हणजे पायाने ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देईल. बॉनेटही ॲल्युमिनियमचं. एक्झॉस्टचा आवाज कसा असावा यासाठी आवाजांच्या ध्वनिफिती ऐकल्या गेल्या. रचनाकार शुंजी तानाका यांनी गाडीच्या अंगावर उजेड-सावली कशी फिरावी, यासाठी नो नाट्यातल्या मुखवट्यांचा आधार घेतला. आणि इंजिन? ते रोजच्या फमिलियाच्या कुळातलं, १.६ लिटरचं. अमेरिकेतल्या गाडीला ११६ अश्वशक्ती, म्हणजे आकड्यांत काहीच विशेष नाही. वजन साधारण साडेनऊशे किलो, एवढंच त्यामागचं रहस्य.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती आली. जगासाठी एमएक्स-५, अमेरिकेत मियाता, जपानात युनोस रोडस्टर. अमेरिकेतली किंमत १३,८०० डॉलर. लोकांनी विक्रेत्यांना वरचे पैसे देऊन ती उचलली. महागड्या युरोपीय कंपन्यांनीही मग उघड्या टपाच्या छोट्या गाड्या काढल्या. बीएमडब्ल्यूची झेड-३, मर्सिडीजची एसएलके, पोर्शेची बॉक्स्टर या सगळ्या नंतरच्या. त्या सुंदर होत्या, वेगवान होत्या, पण शाळामास्तराला किंवा परिचारिकेला परवडणाऱ्या नव्हत्या. रोडस्टर परवडत होती. २०१६ मध्ये दहा लाखावी रोडस्टर बनली. दोन आसनांच्या उघड्या स्पोर्ट्‌स गाडीत याच्या जवळपासही कुणी नाही.

एक आकडा मला फार बोलका वाटतो. २०१५ मध्ये चौथ्या पिढीची रोडस्टर आली तेव्हा जपानातल्या सगळ्यात साध्या आवृत्तीचं वजन होतं ९९० किलो. मधल्या सव्वीस वर्षांत एअरबॅग, धडक सोसणारी बांधणी, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असं काय काय आलं. जगातल्या बाकीच्या गाड्या शेकडो किलोंनी फुगल्या. ही चाळीस-पन्नास किलोंवर थांबली. तिसऱ्या पिढीच्या वेळी आतल्या आरशाचंसुद्धा ८४ ग्रॅम वजन कमी केलं होतं. आनंद कुठून येतो हे ज्यांना नेमकं ठाऊक असतं, तेच ८४ ग्रॅमसाठी भांडतात.

* * *

१९९१ चं ला मान्स. फ्रान्समधल्या या चोवीस तासांच्या शर्यतीत माझदा १९७० च्या दशकापासून रोटरी घेऊन जात होती आणि मुख्य विजेतेपदाविना परतत होती. नियम बदलणार होते, रोटरीचे दिवस भरत आले होते. संघाचे प्रमुख ताकायोशी ओहाशी यांनी नियमांच्या वाटाघाटीत एक मोठी गोष्ट पदरात पाडून घेतली. रोटरी गाडीला ८३० किलोंची परवानगी मिळाली, तर मर्सिडीज आणि जॅग्वार यांना हजार. नारिंगी-हिरव्या रंगाची ५५ क्रमांकाची ७८७-बी एकोणिसाव्या जागेवरून सुटली. चालक जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गॅशो. चार रोटरांचं इंजिन सुमारे ७०० अश्वशक्तीचं. त्याचा उंच, चिरत जाणारा आवाज ज्यांनी ऐकला ते तो विसरत नाहीत. रात्रभरात एकेक प्रतिस्पर्धी गळत गेला. शर्यतीला काही तास उरले असताना आघाडीची मर्सिडीज इंजिन तापल्याने थांबली आणि माझदा पुढे गेली. ३६२ फेऱ्या. शेवटचा मोठा टप्पा चालवलेला हर्बर्ट पाण्याच्या कमतरतेने असा कोसळला, की सन्मानाच्या मंचावर तो पोहोचूच शकला नाही. ला मान्स जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. दुसऱ्या जपानी कंपनीला, टोयोटाला, तो मान मिळायला २०१८ उजाडलं. शर्यतीनंतर इंजिन खोलून पाहिलं तेव्हा झीज नगण्य होती. सैतानाच्या नखांशी झुंजलेल्यांना याहून मोठं प्रशस्तिपत्र काय हवं?

आणि त्याच वर्षांत ही कंपनी घरी मात्र मोठ्यांची नक्कल करत होती. टोयोटासारख्या विक्रीच्या पाच वेगळ्या साखळ्या उभ्या केल्या, मॉडेलमागून मॉडेल काढलं. जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला तेव्हा हे सगळं अंगाशी आलं. १९९६ मध्ये फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीच्या शीर्षस्थानी बसलेले ते पहिले परदेशी. फोर्डच्या काळाबद्दल माझदाचे चाहते नाखुशीने बोलतात. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या शिस्तीशिवाय कंपनी शिल्लक राहिली नसती.

२००८ च्या मंदीत फोर्डला स्वतःचाच जीव वाचवायचा होता, म्हणून त्याने हिस्सा विकायला काढला. माझदा एकटी पडली. सलग चार वर्षं तोटा. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षाचा तोटा १०० अब्ज येनहून अधिक. विजेच्या गाड्यांवर घालायला पैसा नव्हता. मित्सुओ हितोमी या इंजिन अभियंत्याचं म्हणणं होतं, की पेट्रोल इंजिनातच अजून बरंच काही बाकी आहे. त्यांनी पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन १४ ला १ पर्यंत नेलं. इतक्या दाबाला मिश्रण अवेळी पेटतं आणि इंजिन ठोके मारतं, असं पुस्तकं सांगतात. गरम धूर सिलिंडरमध्ये परतू नये म्हणून त्यांनी एक्झॉस्टच्या नळ्या लांब, वळणदार केल्या आणि ठोके थांबवले. डिझेलचं कॉम्प्रेशन उलट कमी केलं, तेही १४ वर आणलं, म्हणजे इंजिन हलकं झालं. स्कायॲक्टिव्ह नावाच्या या तंत्राने बनलेली सीएक्स-५ ही पहिली पूर्ण गाडी २०१२ मध्ये आली आणि तिने कंपनीला वाचवलं. ज्या गाडीने वाचवलं, ती स्पोर्ट्‌स गाडी नव्हती. कुटुंबाची उंच गाडी होती, पण वळणावर तीही आपल्या घराण्याला जागत होती.

* * *

माझदाची मोटारगाडी भारतात कधी रीतसर विकली गेली नाही. आपल्याला हे नाव ठाऊक आहे ते स्वराज माझदामुळे. १९८० च्या दशकात हलक्या ट्रकांसाठी जपानी भागीदाऱ्यांची एक लाट आली. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी आणि पंजाब ट्रॅक्टर्स व सुमितोमो यांच्यासह उभी राहिलेली स्वराज माझदा. टाटांच्या टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ हा हलका ट्रक आणला आणि या चौघांची वाट बिकट केली. स्वराज माझदा तरीही तगली. तिच्या मिनीबसमधून महाराष्ट्रातल्या किती मुलांनी शाळा गाठली असेल. माझदा पुढे त्यातून बाहेर पडली, कंपनीचं नाव एसएमएल इसुझु झालं आणि २०२५ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतला. आणखी एक धागा आहे. भारतात २०११ मध्ये आलेली फोर्ड फिएस्टा आणि माझदा-२ यांचा सांगाडा एकाच कुळातला. वळणावर त्या फिएस्टाची तारीफ करणाऱ्यांनी हिरोशिमाचीही थोडी तारीफ केली, असं म्हणायला हरकत नाही. माझदाची गाडी जवळून पाहायची तर आपले लोक जिथे जाऊन स्थिरावले, ते देश गाठावे लागतात. ऑस्ट्रेलियात २०११ आणि २०१२ मध्ये सर्वाधिक विकली गेलेली गाडी माझदा-३ होती. सिडनी-मेलबर्नच्या कितीतरी मराठी घरांसमोर ती उभी दिसते.

आज कंपनीपुढची वाट सोपी नाही. विजेच्या गाड्यांत ती मागे आहे. तिची बरीच विक्री अमेरिकेवर अवलंबून आहे आणि तिथे २०२५ पासून जपानी गाड्यांवर वाढीव आयातशुल्क आहे. जून २०२४ मध्ये जपानच्या वाहतूक मंत्रालयाच्या चौकशीत इतर कंपन्यांबरोबर माझदाच्याही प्रमाणपत्र चाचण्यांत गैरप्रकार सापडले आणि काही मॉडेलांची रवानगी थांबवावी लागली. इंजिनाच्या ओरखड्यांसाठी वर्षं घालवलेल्या कंपनीने चाचणीत आडवाट घ्यावी, याचं वाईट वाटतं. टोयोटाने २०१७ मध्ये तिचा पाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला आणि दोघींचा अमेरिकेत अलाबामा इथे एकत्र कारखाना आहे. मोठ्या भावाच्या आधाराशिवाय छोट्या कंपनीला पुढची दहा वर्षं काढणं कठीण आहे, हे माझदाने ओळखलं आहे आणि त्यात कमीपणा नाही. रोटरीही संपलेली नाही. २०२३ पासून एका रोटरचं छोटं इंजिन विजेच्या गाडीत फक्त वीज तयार करायला बसवलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने रोटरीच्या विकासासाठी पुन्हा ३६ अभियंत्यांचा गट उभा केला.

जपानला जाणारे आपले प्रवासी हल्ली वाढले आहेत. हिरोशिमाला ते शांतता उद्यान पाहतात, मियाजिमाचं पाण्यातलं तोरण पाहतात आणि क्योटोची गाडी पकडतात. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर अर्धा दिवस अधिक ठेवावा. फुचूतल्या मुख्य कारखान्यात माझदाचं संग्रहालय आहे. तीनचाकी, आर-३६०, कॉस्मो आणि ला मान्स जिंकलेली ती नारिंगी-हिरवी गाडी, सगळं तिथे पाहता येतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, मात्र नाव आधी नोंदवावं लागतं.